कानाच्या मापाचं

इअरफोनच्या खोक्यात रबरी टोप्यांच्या तीन जोड्या येतात. लहान, मध्यम, मोठी. कारखानदारांच्या मते मनुष्यजातीच्या कानांचे प्रकार एवढेच. बुटांना आठ आणि नऊच्या मधे साडेआठ असतो, बांगड्यांना सव्वादोन आणि अडीच असतात, गणपतीचा मुकुट करायला टाकतानासुद्धा आधी माप घेऊन जावं लागतं. कानाने मात्र तीन टोप्यांत काय ते भागवून घ्यायचं. मध्यम टोपी आधीच चढवलेली असते. उरलेल्या दोन जोड्या खोक्यात राहतात, खोकं माळ्यावर जातं, आणि ज्या दिवशी लहान टोपी लागते त्या दिवशी माळ्यावर फक्त आकाशकंदील सापडतो.

माझा उजवा कान मध्यम टोपी धरून ठेवतो. डावा तिला चार पावलांत बाहेर काढतो. दोन्ही कान एकाच आईबापांचे, एकाच सोनाराने एकाच दिवशी टोचलेले, तरी त्यांचं एकमत नाही. यात माझं वैशिष्ट्य काही नाही. एकाच माणसाचे दोन कानसुद्धा तंतोतंत सारखे सहसा नसतात. पॅरिसच्या पोलीस खात्यात आल्फोन्स बर्तियों नावाचे एक गृहस्थ होते. बोटांच्या ठशांचं युग यायच्या आधी, 1880च्या दशकात, त्यांनी गुन्हेगार ओळखण्यासाठी अंगाची मापं टिपून ठेवायची पद्धत बसवली. त्या मापांत उजव्या कानाची लांबीही होती. चोर दाढी वाढवेल, नाव बदलेल, पण कान कुठे लपवणार? फ्रान्सच्या पोलिसांना जे तेव्हा कळलं होतं, ते इअरफोनवाल्यांच्या अजून कानावर गेलेलं दिसत नाही.

इअरफोन पडतो एवढीच तक्रार असती तर सोसून घेतलं असतं. खरा घोटाळा आवाजाचा आहे. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. तिचं तोंड नीट बंद झालं, तर आतली एवढीशी हवा हलवायला अगदी बारका पडदाही पुरतो आणि खर्ज भरून येतो. केसभर फट राहिली की तोच दाब फटीतून निसटतो. तबला लावून बघा. फट असेल तर चाटीवरचा ‘ना’ खणखणीत ऐकू येतो, पण डग्गा घरी निघून गेलेला असतो. बोटाने इअरफोन जरा आत दाबा. डग्गा हजर, घुमाऱ्यासकट. हे कुणी सांगत नाही. मग लोक ‘बेस नाही’ म्हणून दोन हजारांचा इअरफोन टाकून पाच हजारांचा घेतात, आणि तो त्याच कानात त्याच फटीसकट बसवतात.

हे ज्ञान माझं नाही, भाच्याचं. तो इंजिनीअर आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या कंपनीची कामं उरकून रात्री स्वतःसाठी काहीतरी उघडून बसतो. ताईच्या कोथरूडच्या घराची बाल्कनी त्याने कधीच बळकावली आहे. तुळस तेवढी कोपऱ्यात तग धरून आहे. एका रविवारी म्हणाला, “मामा, तुझ्या कानाच्या मापाचे इअरफोन करू या.”

“विकत मिळत नाहीत का?”

“मिळतात. पण किंमत सांगितली तर तुझा कानांवर विश्वास बसणार नाही.”

बसला नाही. चांगल्या कंपनीचा मापाचा जोड लाखाच्या पुढेही जातो. ही मुळात मंचावरच्या लोकांची गरज. रॉक बँडच्या कार्यक्रमात गायकाला, ड्रमवाल्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्यांच्या पुढ्यात जमिनीवर स्पीकर ठेवलेले असत. ड्रमवर मात करायला स्पीकर वाढवायचा, स्पीकरवर मात करायला ड्रम बडवायचा, असा तो मामला. 1995 साली व्हॅन हेलन या अमेरिकी बँडचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी त्यांच्या ड्रमवादकासाठी, ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी, कानाच्या साच्यात बसणारे इअरफोन तयार केले. प्रत्येक कानात दोन चिमुकले स्पीकर, एक खालच्या स्वरांचा आणि एक वरच्या. त्यातूनच पुढे अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. गंमत अशी, की अशा इअरफोनमधले हे स्पीकर आले ते श्रवणयंत्रांच्या दुनियेतून. आजोबांना ऐकू यावं म्हणून ज्यांचा जन्म झाला, ते नातवाच्या रॉकमध्ये जाऊन बसले.

त्यातला एक भाच्याने मला तळहातावर ठेवून दाखवला. पत्र्याची चकचकीत डबी, लांबी सहा मिलिमीटरच्या आसपास. नाव ‘बॅलन्स्ड आर्मेचर’. पोटात तारेचं वेटोळं, दोन चुंबकं, आणि त्यांच्या मधोमध अधांतरी एक लोखंडी पट्टी. दोन्ही बाजू ओढत असताना कोणाकडेही न झुकता मधे राहायचं, हे तिचं जीवितकार्य. युती-आघाडीच्या काळातल्या अपक्ष आमदारासारखं, फक्त ही खरोखर मधे राहते. तारेतून गाण्याची वीज वाहिली की पट्टी थरथरते, एक बारीकशी काडी ती थरथर वरच्या पडद्याला पोचवते आणि डबीच्या तोंडाशी असलेल्या नळकांडीतून आवाज बाहेर पडतो. एवढ्याशा जागेत एवढा संसार थाटणाऱ्यांना मुंबईतलं कुठलंच घर लहान वाटणार नाही.

पण स्पीकर कितीही गुणी असला, तरी पहिलं काम कानाची छाप घ्यायचं. काही उत्साही मंडळी तेही घरच्या घरी उरकतात. भाचा एरवी कशालाच घाबरत नाही, पण इथे तो ठाम होता. सोनारानेच कान टोचावे. नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा, आतला हाडाचा. हाडावरची कातडी अगदी पातळ आणि पलीकडे लगेच पडदा. ओतलेलं सिलिकॉन तिथवर गेलं आणि घट्ट झालं, तर ते काढायला शस्त्रक्रिया करावी लागते. इअरफोनच्या हौसेपायी कुणी ऑपरेशन टेबलावर झोपू नये.

म्हणून आम्ही श्रवणयंत्रांच्या एका केंद्रात गेलो. तिथल्या ऑडिऑलॉजिस्ट मॅडम पंचविशीच्या असतील. मला खुर्चीत बसवून त्यांनी मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून विचारलं, “काका, कुठल्या कानाने कमी ऐकू येतं?”

“कमी नाही येत,” मी म्हटलं. “जास्त ऐकायचंय.”

त्यांनी भाच्याकडे पाहिलं. या वयाच्या माणसाबरोबर आलेल्या नातेवाइकाकडे जसं पाहतात तसं. भाच्याने खुलासा केला. “अच्छा, म्युझिकवाले!” म्हणून त्या हसल्या आणि दुर्बिणीने कानात डोकावल्या. लोक कानात काय काय घालतात, यावर त्यांचं एक छोटं व्याख्यान झालं. स्कूटरची किल्ली, काडेपेटीची काडी, केसांचा आकडा, पेनचं टोपण. मळ हा कानाचा शत्रू नसून राखणदार आहे, आणि कोरून तो बाहेर येण्याऐवजी बहुतेक वेळा आतच ढकलला जातो, हे त्यांना दिवसातून किती वेळा सांगावं लागत असेल कोण जाणे.

मग दोरा बांधलेला स्पंजाचा एक छोटा तुकडा त्यांनी एका उजेड पाडणाऱ्या काडीने नळीत सरकवला. सिलिकॉन त्याच्या पुढे जाऊ नये म्हणून तो बांध. बांध जागेवर पोचला आणि मला खोकला आला. घशात काही नसताना कानाला हात लावल्यावर खोकला का यावा? तर गळा, हृदय, पोट असा लांबचा प्रवास करणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक फांदी कानातही येते. काही जणांच्या बाबतीत तिला धक्का लागला की मेंदूची फसगत होते. शरीरातलं वायरिंगही आपल्या जुन्या वाड्यांसारखंच आहे तर. बटण दाबायचं माजघरात आणि दिवा लागायचा परसात.

त्यानंतर दोन रंगांचं सिलिकॉन मिसळून पिचकारीने कानात. थंडगार. आणि दातांत एक ठोकळा. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी खेटून असतो. तोंड उघडलं की नळीचा आकार बदलतो. मिटल्या तोंडाने घेतलेल्या छापेवरचा इअरफोन गाणाऱ्याने तोंड उघडताच सैल पडतो, म्हणून छाप तोंड उघडं ठेवून घ्यायची. मी काही गाणार नाही, हे सांगायची सोय उरली नव्हती. सिलिकॉन घट्ट होईपर्यंत काही मिनिटं मी तसाच: दोन्ही कान बंद, तोंड उघडं आणि बोलणं अशक्य. भाच्याने ही संधी साधली. ओठांच्या हालचालीवरून मला कळलं ते एवढंच, की ‘गोवा’ आणि ‘तुझी गाडी’ असे काहीतरी शब्द होते. मी हातवारे केले. “मामा हो म्हणाला,” असं त्याने मॅडमना साक्षीला ठेवून जाहीर केलं.

बाहेर आलेली छाप बघण्यासारखी असते. आयुष्यभर आरशात कानाची बाहेरची नक्षी पाहिली. आतून तो हा असा. बाहेरच्या वाटीतून निघालेली नळी सरळ जातच नाही. एकदा मागे वळते, मग पुढे, आणि जाताजाता निमुळती होते. दोन्ही छापा शेजारी ठेवल्या तेव्हा मध्यम टोपीचं कोडं सुटलं. डाव्या नळीचं पहिलं वळण उजवीपेक्षा लवकर येतं आणि चांगलंच काटकोनी आहे. टोपी बिचारी वळणावर आपटून परत फिरत होती. इतकी वर्षं मी त्या कानाला हट्टी समजत होतो.

मॅडमनी छापांवर खुणा केल्या. उजवीवर लाल, डावीवर निळी. श्रवणाच्या क्षेत्रात हीच रीत. राजकारणात लाल रंग डाव्यांचा. इथे तो उजव्यांनी पटकावला आहे, आणि कुणाची तक्रार नाही.

पुढचं सगळं बाल्कनीत. छाप तासायची, मेणात बुडवून गुळगुळीत करायची, मग कागदी पेल्यात पारदर्शक सिलिकॉन ओतून त्यात ती गाडायची. सिलिकॉन घट्ट झालं की छाप ओढून काढायची. मागे माझ्या कानाची पोकळी उरते. त्या पोकळीत अतिनील प्रकाशाने घट्ट होणारं ॲक्रिलिक रेझिन ओतायचं. प्रकाशासाठी भाचीचा नेलपॉलिशचा दिवा वापरला. जेल पॉलिश आणि हे रेझिन एकाच कुळातले, त्यामुळे दिव्याला फरक पडत नाही, भाचीला पडतो. तिने दिवा देताना परतीची तारीख लिहून घेतली.

या टप्प्यात खरं कसब आहे. दिव्याखाली रेझिन बाहेरून आत घट्ट होत जातं. योग्य क्षणी दिवा बंद करून मधलं पातळ रेझिन ओतून टाकलं, तर हाती पोकळ कवच राहतं आणि त्यात स्पीकर बसतो. लवकर ओतलं तर कवच पापुद्र्याएवढं, उशीर झाला तर भरीव गोळा. उन्हातही अतिनील किरण असतात, म्हणून बाल्कनीचे पडदे ओढलेले, आत जांभळा उजेड, हातात मोजे घातलेला तरुण. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी ताईला खाली गाठून “मुलगा ठीक आहे ना?” असं विचारलंच. मोजे मात्र थाटासाठी नव्हेत. ओलं ॲक्रिलिक वारंवार कातडीला लागलं तर त्याची ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की आयुष्यभर सोबत करते. त्याच जातीची रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये असतात, म्हणजे पुढे दंतवैद्याकडेही पंचाईत.

शिवाय कवच साच्यातून काढलं तर वरून चिकट. कारण हवेतला प्राणवायू. रेझिनच्या पृष्ठभागाशी तो लुडबूड करतो आणि तेवढा थर घट्ट होऊ देत नाही. उपाय साधा आहे: कवच ग्लिसरीनमध्ये बुडवून पुन्हा दिव्याखाली धरायचं. हवा लागली नाही की काम झालं. मी मेडिकलमधून ग्लिसरीनच्या बाटल्या आणल्या. दुकानदाराने माझ्या ओठांकडे पाहिलं, समाधान झालं नाही, पण पैसे घेतले.

तारा जोडण्याचं काम मी लांबून पाहिलं. केसाएवढी तार, आणि कढई क्षणभर जास्त टेकली तरी डबी कायमची मुकी होते. ही कढई म्हणजे डाख द्यायची. ताईची स्वयंपाकघरातली भाच्याने अजून मागितलेली नाही. एक गोष्ट मात्र ऐकण्यासारखी. एका कानातल्या तारा चुकून उलट्या जोडल्या गेल्या, तर एका बाजूचा पडदा पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे. दोन्ही कानांत आवाज असतो, पण गायक कुठेच नसतो. हे तपासायला भाच्याने महागडी स्टिरिओ रेकॉर्डिंग काढली होती. मी त्याला 1953च्या ‘श्यामची आई’तली, वसंत देसाईंच्या संगीतातली गाणी लाव म्हटलं. ते ध्वनिमुद्रण मोनो. दोन्ही कानांना हुबेहूब एकच आवाज मिळतो, त्यामुळे गाणारीचा गळा कपाळाच्या बरोबर मधोमध उभा राहायला हवा. जरा इकडेतिकडे झाला तर एक कान दुसऱ्याशी जुळलेला नाही. माझ्या पिढीच्या गाण्यांचा या प्रकल्पाला एवढा तरी उपयोग झाला.

आणि आवाज? चांगला आहे. लाखाच्या जोडाशी तुलना करणार नाही, कारण तो कानात घालायची वेळ माझ्यावर येणार नाही. पण डग्गा दोन्ही कानांत पक्का बसला आहे, डाव्यातसुद्धा. तानपुऱ्याची जवारी चारही तारांची वेगळी कळते. बाहेरचं जग 25 डेसिबलच्या आसपास खाली जातं. पंखा नाहीसा होतो, ताईची हाक कुजबुज होते. कांदा चिरायला बोलावलेलं ऐकू आलं नाही, असं मी आता पुराव्यानिशी सांगू शकतो.

फक्त हे घालून चिवडा खाऊ नये. कान असा बंद केला की स्वतःच्या जबड्याचा आवाज हाडांतून नळीत येतो आणि बाहेर जायला वाट नसल्यामुळे आतच घुमतो. भाजक्या पोह्यांचा पहिला घास घेतला तेव्हा मला शेजारी कुणी भिंत पाडत असल्यासारखं वाटलं. शेंगदाण्याला तर मी दचकलो. मारवा ऐकताना फरसाण बाजूला ठेवावं, हा संगीताचा शिष्टाचार आम्हा पुणेकरांना असा सक्तीने शिकावा लागला.

कानामागच्या जागेची टंचाई हा दुसरा प्रश्न. अशा इअरफोनची वायर कानावरून मागे जाते. तिथे चष्म्याची काडी आधीपासून भाडेकरू. भाच्याच्या उजव्या कानात शिवाय भिकबाळी. ढोलपथकात गेल्यापासून त्याने ती घातली आहे. तिचा मोती आणि त्याच्या इअरफोनची वायर यांची रोज बाचाबाची होते. माघार वायरच घेते.

या पथकावरूनच भाच्याला सर्वांत शहाणी कल्पना सुचली. त्याच साच्यातून त्याने एक भरीव जोड काढला. आत स्पीकर नाही, तार नाही, काही नाही. नुसता कानाच्या मापाचा मऊ सिलिकॉनचा बोळा. मिरवणुकीत ताशाच्या पुढे उभं राहिलं की आवाज शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. अमेरिकेतल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेचा हिशेब असा, की 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास सोसवतो. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. शंभरला उरतात 15 मिनिटं. लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक 15 मिनिटांत एका चौकातूनही हलत नाही. या सगळ्या खटाटोपातली कामाची वस्तू मला विचाराल तर तो बोळाच, बिनविजेचा आणि बिनसंगीताचा.

आणखी एक फायदा अनपेक्षित. हा इअरफोन कुणी उसना मागत नाही. “जरा दे रे” म्हणत हात पुढे येतो, आकार दिसतो, आणि हात मागे जातो. चोरालाही तो विकता येणार नाही. गिऱ्हाईक म्हणून जगात मी एकटाच. अर्थात मीही कायमचा नाही. ज्या 1995 साली हार्वींनी तो पहिला जोड केला, त्याच वर्षी जेम्स हीथकोट नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 206 माणसांच्या कानांची मापं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. म्हाताऱ्यांचे कान मोठे का दिसतात, हा त्यांचा प्रश्न. उत्तर निघालं की वयाबरोबर कानाची लांबी वर्षाला सरासरी 0.22 मिलिमीटर वाढते. तेव्हा काही वर्षांनी हा जोडही बसेनासा होईल आणि भाचा पुन्हा मॅडमकडे नेईल. गाडीची चावी त्या दिवशी मी घरी ठेवून जाणार आहे.

तुम्हाला करून बघायचं असेल तर जरूर करा, पण छाप ऑडिऑलॉजिस्टकडूनच घ्या, आणि जायच्या आधी आठवडाभर कानात किल्ली घालू नका. रेझिनला हात लावताना मोजे घाला. पहिला जोड भरीव बोळ्यांचाच करा. गणपती दर वर्षी येतात.